कोंढाण्याची बिळं

जुलै १६४८ मध्ये जिंजीच्या परिसरात आदिलशाही सरदार मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केलं. सुटका झाली ती मे १६४९ मध्ये, आणि त्यासाठी भोसल्यांना आपली ठाणी सोडावी लागली. थोरल्या संभाजीराजांनी बंगळूरचा कोट आदिलशहाच्या हवाली करायचा, शिवाजीराजांनी कोंढाणा. कर्नाटकच्या पठारावरची भरभराटीची पेठ आणि पुण्याच्या नैर्ऋत्येला उभा असलेला एक बुलंद डोंगर यांची नावं अशी एकाच सौद्यात आली. पुढे दोन्ही ठिकाणं भोसल्यांकडे परत आली, कोंढाणा पुन्हा गेला, पुन्हा आला. कोंढाण्याचा तर पुढे सिंहगड झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन तो परत मिळवला, १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांनी याच गडावर देह ठेवला आणि १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती पडला.

इतक्या वेळा मालक बदललेल्या या माथ्यावर एक रहिवासी मात्र कधीच हलला नाही. तो रात्री बाहेर पडतो, दिवसा बिळात असतो, आणि शास्त्राला त्याची ओळख पटली ती थेट १९७५ मध्ये. मिलार्डिया कोंडाना हे त्याचं शास्त्रीय नाव. गडाचं जुनं नाव असं एका सस्तन प्राण्याच्या नावात कायमचं जाऊन बसलं आहे.

हा कोंढाणा उंदीर ज्या कुळातला, त्या कुळाची खूण म्हणजे अंगावरचे मऊ, दाट केस. घरातल्या काळ्या उंदराचा राठपणा त्यात नाही. या कुळात चारच जाती आहेत. शेतात राहणारा मेल्टाडा भारतभर आढळतो. वाळूच्या रंगाचा ग्लेडोवी वायव्येकडच्या कोरड्या मुलखात राहतो. कॅथलीनी म्यानमारमध्ये सापडतो. चौथा हा सिंहगडाचा. मेल्टाडापेक्षा तो अंगाने मोठा, आणि त्याचा मुलूख सर्वांत लहान. ज्या माथ्यावरून त्याचं वर्णन झालं तो समुद्रसपाटीपासून सुमारे १,२७० मीटर उंचीवर आहे आणि त्याचं क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर भरेल. कोरड्या पानझडी झुडपांचा, गवताचा आणि दगडांचा हा माथा. तिथल्या मातीत तो बीळ करतो. सह्याद्रीतल्या आणखी काही उंच गडांवरून पुढे त्याच्या नोंदी झाल्या. तरीही साऱ्या जगाचा नकाशा समोर ठेवला तर त्याचं घर टाचणीच्या टोकाखाली झाकून जाईल.

मग गडावर शतकानुशतकं माणसांचा राबता असताना तो इतका उशिरा कसा दिसला? त्याचं उत्तर उंदरांकडे माणसाने कोणत्या कारणांनी पाहिलं, त्या इतिहासात आहे. या मुलखात उंदराची दखल घेतली गेली ती नेहमी भीतीपोटी: कधी आगीची भीती, कधी दुष्काळाची, कधी साथीची. ज्याच्यापासून कसलीच भीती नव्हती, तो नजरेतून सुटला.

आगीची भीती शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या हळवर्णे इथल्या घोडदळाच्या छावणीला त्यांनी ते धाडलं. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, अशी ताकीद देणारं पत्र म्हणून ते मराठी माणसाला ठाऊक असतं. पण त्यातला एक बारकावा वाचताना थांबायला लावतो. पावसाळ्यासाठी गवताच्या गंजी रचलेल्या आहेत, कोणी आगट्या पेटवील, कोणी तंबाखू ओढील. आणि रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताला आग लागेल, सारी पागा बुडेल, असा इशारा महाराज देतात. तेलात भिजलेली वात उंदीर खाण्यासाठी ओढून नेतो, हे ज्याने छावणीत, गडावर, कोठारापाशी स्वतः पाहिलं आहे अशाच माणसाला हे सुचू शकतं. राज्यकारभाराच्या पत्रात उंदराची सवय इतक्या नेमकेपणाने नोंदवलेली क्वचितच सापडेल.

दुष्काळाची भीती दीडशे वर्षांनी धारवाडच्या काळ्या रानात दिसते. कंपनी सरकार या भागाला दक्षिण मराठा मुलूख म्हणत असे. तिथे वॉल्टर इलियट नावाचा तरुण मुलकी अधिकारी नेमला गेला होता. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला तेव्हा कित्तूरकरांच्या कैदेत पडलेल्या दोन इंग्रजांपैकी एक हाच. सुटल्यावर त्याने नोकरी सांभाळून प्राणी, शिलालेख, नाणी यांचा ध्यास घेतला. या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची त्याने केलेली यादी १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आली. कोंढाणा उंदराच्या जवळच्या भाऊबंदाची पहिली सविस्तर हकिकत तीतच आहे. ती त्याला पुरवली वडारांनी. मेल्टाडा हे नावसुद्धा त्यांच्याच बोलीतून आलं. लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे याने १८३७ मध्ये जातीचं नामकरण करताना तेच घेतलं.

इलियट सांगतो की हा प्राणी शेतात जोडीने किंवा पाच-सहांच्या टोळीने राहतो. बीळ अगदी कामचलाऊ. झुडपाच्या मुळाशी थोडं उकरायचं, बांधावर रचलेल्या दगडांच्या ढिगात घुसायचं, नाहीतर दुसऱ्या जातीच्या मोठ्या उंदराचं सोडून दिलेलं बीळ गाठायचं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा तो त्या भेगांतच संसार थाटतो, आणि पहिल्या पावसात माती फुगून भेगा मिटल्या की हजारोंनी गाडला जातो. निसर्गाचा हा दरवर्षीचा हिशोब १८२६ मध्ये चुकला. मृगाचा पाऊस नीट पडला नाही, भेगा मिटल्या नाहीत आणि मेल्टाडाची बेसुमार पैदास झाली. पेरलेलं बी त्यांनी उकरून खाल्लं. जे उगवलं त्याच्या ताटांवर चढून ज्वारीची कणसं कुरतडून खाली पाडली. शेतंच्या शेतं उद्ध्वस्त झाली, सारा भरायला काही उरलं नाही. शेतकऱ्यांनी वडारांना बोलावलं. इतके डझन उंदीर मारले की इतकं माप धान्य, असा दर ठरला. वडारांनी हजारो मारले. उंदीर कमी झाल्याचं कोणाला जाणवलं नाही.

मातीकाम आणि दगडकाम करणाऱ्या या समाजाला बिळांचं ज्ञान होतं ते पोटासाठी. शेतातल्या मोठ्या उंदराच्या बिळात कोठार असतं, ते कुठे असतं आणि किती खोल असतं, हे त्यांना नेमकं माहीत असे. सुगीनंतर ते खणून काढलेल्या धान्यावर कुटुंबाचे कितीतरी दिवस निघत. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत इलियटचं नाव आलं आणि वडारांचं फक्त जातीच्या उल्लेखापुरतं. पण ज्या निरीक्षणांवर ती पुस्तकं उभी राहिली, त्यांतली कितीतरी त्यांच्या कुदळीच्या टोकावरची होती, हे मान्य करायला हवं.

आणि मग आली ती भीती, जिने उंदराकडे बघण्याची आपली नजरच बदलून टाकली. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे म्हणजे प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी ही धान्याच्या वखारींची पेठ; माणसं आजारी पडण्याआधी तिथे उंदीर मरून पडत होते. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १८९७ मध्ये साथ पुण्यात शिरली. रोग्यांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. घरात घुसून तपासण्या करणाऱ्या प्लेग कमिटीच्या जुलमावर संताप उसळला, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी तिच्या प्रमुखावर, रँडवर, गोळी झाडली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवला की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग वाहून नेते. त्यांचं म्हणणं बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्राण्यांचे पिंजरे काही जमिनीवर आणि काही पिसूच्या उडीपलीकडे टांगून पाहिले गेले तेव्हा कुठे शंका फिटली.

बंगळूरला प्लेग पोचला ऑगस्ट १८९८ मध्ये, रेल्वेने, हुबळीच्या बाजूने. त्या शहराचा आजचा नकाशा पुष्कळसा या साथीने आखला आहे. दाटीवाटीच्या जुन्या पेठेतून लोकांना बाहेर काढण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या अंगणांच्या वस्त्या वसवल्या गेल्या. छावणीच्या बाजूला पुढच्या दशकात फ्रेझर टाउन उभं राहिलं ते घरात उंदराला शिरता येऊ नये, हाच विचार डोळ्यांपुढे ठेवून. प्लेगच्या देवीची देवळं शहरात आजही आहेत. शहर पेठेबाहेर पसरण्याची जी सवय तेव्हा लागली ती सुटली नाही. मल्लेश्वरमच्या पश्चिमेला १९४९ च्या सुमारास आखलेलं राजाजीनगर हे त्याच विस्ताराचं पुढचं पाऊल. देशाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचं नाव त्याला मिळालं. कारखाने आणि कामगारांच्या वसाहती डोळ्यांपुढे ठेवून ते आखलं गेलं. तिथे आज सरळ रस्त्यांवरून चालणाऱ्याला आपल्या शेजारच्या मोकळ्या अंगणांचा उंदरांशी काही संबंध आहे, असं वाटणार नाही. पण तो आहे. घर आणि बीळ यांच्यात अंतर ठेवायचं, हा धडा या बाजूच्या शहररचनेने प्लेगकडूनच घेतला.

प्लेगने आणखी एक गोष्ट केली. या देशात उंदरांच्या जाती नेमक्या किती आणि कोणत्या, हे कोणालाच धड सांगता येत नाही, ही गोष्ट त्याने उघडी पाडली. कोणता उंदीर घरात राहतो, कोणता शेतात, कोणाच्या अंगावर कोणती पिसू असते, हे कळल्याशिवाय साथीशी लढायचं कसं? कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये हजारो उंदरांची मापं घेतली गेली. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये त्याहून मोठं काम हाती घेतलं: साऱ्या भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी. तिचा आरंभ खानदेशातून झाला. चार्ल्स क्रंप यांनी तिथे नमुने गोळा केले. धारवाड, कारवार, कूर्ग आणि म्हैसूर या भागांत जी. सी. शॉर्ट्रिज हिंडले. लंडनला बसून वनखात्यातले निवृत्त अधिकारी आर. सी. रॉटन या नमुन्यांचे अहवाल लिहीत. हे काम १९२३ पर्यंत चाललं. त्या काळाच्या मानाने ते अचाट होतं. भारतातल्या लहान सस्तन प्राण्यांबद्दल आजही जे काही ठामपणे सांगता येतं, त्याचा पाया त्यात आहे.

या पाहणीसाठी पैसा उभा करणारा आणि ती नेटाने चालवणारा माणूस म्हणजे सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड. पेशाने ते मद्याचे व्यापारी, फिप्सन कंपनीतले. झाडांचं वेड इतकं की मुंबईच्या रस्त्यांवर आणि बागांत त्यांनी फुलझाडं लावली, आणि फादर ब्लॅटर यांच्यासह भारतातल्या सुंदर वृक्षांवर पुस्तक लिहिलं. १९०८ मध्ये एक शाळकरी मुलगा गळ्यावर पिवळा डाग असलेली मेलेली चिमणी घेऊन त्यांच्याकडे आला. मिलार्डनी त्याला हिडीसफिडीस केलं नाही; कपाटं उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले, ते कसे भरतात ते शिकवायची व्यवस्था केली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. ब्रिटिश म्युझियमचे ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९११ मध्ये मऊ केसांच्या उंदरांचं कूळ वेगळं केलं तेव्हा त्याला मिलार्डिया असं नाव दिलं. तानाजीच्या गडावरच्या उंदराचं पहिलं नाव असं मुंबईच्या एका दिलदार माणसाकडून आलं. पण पुण्याजवळच्या या माथ्यावर वेगळी जात आहे हे त्या पाहणीतूनही बाहेर आलं नाही.

त्यासाठी आणखी एक साथ यावी लागली. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. पीतज्वर भारतात शिरला की काय, या धास्तीने पुण्याचे शास्त्रज्ञ तिकडे धावले. रोग वेगळाच निघाला. नवा विषाणू होता, आणि तो पसरत होता जंगलातल्या गोचिडांमधून. माकडं त्यात मरत, म्हणून लोकांनी त्याला माकडताप म्हटलं. पण गोचिडांची पिल्लं ज्यांच्या रक्तावर वाढत ते उंदीर आणि चिचुंद्र्याही या साखळीत होत्या. विषाणू संपला असं वाटावं अशा काळात तो कोणत्या बिळात टिकून राहतो, हा प्रश्न उभा राहिला. संस्थेने सागरला क्षेत्रीय केंद्र थाटलं. जंगलात सापळे लागले, पकडलेल्या प्रत्येक प्राण्याच्या अंगावरून गोचिडी, पिसवा आणि कोळ्यांच्या जातीचे बारीक जीव विंचरून काढले जाऊ लागले. आणि जीव कोणाच्या अंगावरचा आहे हे लिहायचं तर प्राण्याची जात बिनचूक ओळखता यायलाच हवी. विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत उंदरांचे जाणकार तयार झाले ते या गरजेतून.

ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा हे त्यांच्यातले दोघे. मिश्रा पुढे राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संचालक झाले. मिलार्डिया कुळातल्या सगळ्या जातींची कवट्या, दात, तळपाय आणि कातडी यांच्या आधारे नव्याने छाननी करताना त्यांच्या लक्षात आलं की सिंहगडावर पकडलेले उंदीर मेल्टाडाच्या मापात बसत नाहीत. अमेरिकेतल्या जर्नल ऑफ मॅमॉलॉजीमध्ये १९७५ साली त्यांचा लेख छापून आला आणि कोंडाना ही चौथी जात कुळात दाखल झाली. संस्थेपासून गड तीस-पस्तीस किलोमीटरवर. रविवारी पुणेकर जिथे दही-भाकरी खायला जातात, लोकमान्य टिळकांचा बंगला जिथे आहे, १९१५ मध्ये गांधीजी टिळकांना जिथे भेटले, त्या वाटेवर ही जात सगळ्यांच्या पायाखाली होती. मराठी अभिमानाच्या इतक्या गोष्टी या गडाशी जोडल्या गेल्या आहेत, त्यांत या शोधाला अजूनही जागा मिळालेली नाही, याची खंत वाटते.

डोंगरातला बीळकरी प्राणी म्हटलं की जगाला आठवतो तो मार्मोट. लडाखच्या थंड पठारावर हिमालयी मार्मोट खोल बिळं खणून कुटुंबकबिल्याने राहतो, संकट दिसलं की शीळ घालून साऱ्या वस्तीला सावध करतो आणि बर्फाचे महिने झोपून काढतो. त्याच्याभोवती दंतकथाही मोठ्या. हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात भारताच्या सीमेवरच्या सोनं उकरणाऱ्या मुंग्यांची गोष्ट लिहिली. कोल्ह्याहून मोठ्या आणि कुत्र्याहून लहान अशा त्या मुंग्या. महाभारताच्या सभापर्वातही डोंगरी लोक युधिष्ठिराला मुंग्यांनी काढलेलं सोनं भेट देतात. सिंधूच्या वरच्या खोऱ्यातल्या पठारावर मार्मोट बिळातून जी माती वर फेकतात तीत सोन्याचे कण असतात आणि तिथले लोक पूर्वी ती गोळा करत, असं फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल यांनी मांडलं. कोंढाणा उंदराच्या नशिबी अशी कथा नाही. सिंहगडावर दंतकथेचा मान गेला तो तानाजींना कडा चढवणाऱ्या घोरपडीला.

मात्र उंच पठार प्राण्याचं काय करतं, हे समजायला लडाखपर्यंत जायची गरज नाही. राजाजीनगरहून मल्लेश्वरमची बाजू ओलांडली की भारतीय विज्ञान संस्थेचं विस्तीर्ण आवार लागतं. तिथल्या पर्यावरण विज्ञान केंद्राचा पाया पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये घातला. याच केंद्रातून १९९० च्या दशकात कार्तिक शंकर निलगिरीच्या माथ्यावर गेले. तिथे शोला जंगलाचे पुंजके आणि त्यांच्यामधली गवताळ कुरणं अगदी खेटून असतात. शंकर यांनी दोन्हीकडे सापळे लावले. जंगलात काळा उंदीर सापडला. गवतात मिलार्डिया मेल्टाडा, धारवाडच्या भेगांत राहणारा तोच. हाताच्या अंतरावर जंगल असूनही मऊ केसांचा उंदीर गवताला धरून होता. लहान सस्तन प्राण्यासाठी डोंगरमाथा एकसंध नसतो. कुठे गवत, कुठे झुडूप, कुठे सावली यावर कोण राहणार ते ठरतं, आणि गवत गेलं की गवतातला रहिवासी शेजारच्या झाडीत जाऊन भागवत नाही.

सिंहगडाकडे या नजरेने पाहिलं तर काळजी वाटते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत कोंढाणा उंदीर संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. कारणं म्हणून दिलेल्या गोष्टी गडावर गेलेल्या कोणालाही दिसतील: झाडोरा कमी होणं, अति चराई, पर्यटकांची वर्दळ. गाडी थेट वरपर्यंत जाते. माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, खाण्यापिण्याच्या टपऱ्या आहेत, सुट्टीच्या दिवशी हजारोंची गर्दी असते. जिथे खरकटं पडतं तिथे गावातला काळा उंदीर, कुत्रं आणि मांजर मागोमाग पोचतात. बिळात राहणाऱ्या, रात्री गवतात चरणाऱ्या आणि एका माथ्यापलीकडे जायला वाट नसलेल्या प्राण्याला यातलं प्रत्येक पाहुणं जड जाऊ शकतं. दुसरीकडे गडाच्या आसपासच्या कड्यांवर शृंगी घुबडं आहेत. पुण्याच्या इला फाउंडेशनचे सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घुबडांच्या उलटीतली हाडं तपासून दाखवून दिलं आहे की त्यांच्या आहारात शेतातल्या उंदरांचा वाटा मोठा असतो. घुबड आणि उंदीर यांचं नातं हजारो वर्षांचं आहे. त्याने कोणतीही जात संपत नाही. संपते ती बीळ करायला जागा उरली नाही की.

कायद्यानेही या जातीला बरीच वर्षं परकं ठेवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती, आणि तीत उंदीर सरसकट होते. गोदामातला उंदीर आणि जगात मोजक्या डोंगरांवर उरलेला उंदीर यांत त्या यादीला फरक दिसत नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द केली. तोवर कोंढाणा उंदराला शास्त्रीय नाव मिळून सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

भीतीचा वारसा किती चिवट असतो हे १९९४ मध्येही दिसलं. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. मराठवाड्यात कोसळलेल्या घरांत धान्य तसंच पडून होतं आणि उंदीर वाढले होते. त्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगसदृश रुग्ण आढळले, सप्टेंबरमध्ये सुरतेतून लाखो लोक पळाले. त्या आठवड्यांत महाराष्ट्रभर दिसेल तो उंदीर मारला जात होता. अशा वेळी कोणता उंदीर कोणता, हे जाणणारी माणसं हाताशी असणं किती मोलाचं आहे, ते पुण्याच्या संस्थेने शिमोग्याच्या जंगलात दाखवून दिलेलं आहे. ओळखीचं हे शास्त्र साथीच्या काळात माणसाला वाचवतं आणि इतर वेळी निरुपद्रवी प्राण्याला माणसापासून वाचवतं.

सिंहगडाच्या तटबंदीची, दरवाजांची, तळ्यांची डागडुजी चालते, ती चालायलाच हवी. पण तट साफ करताना पायथ्याशी पडलेल्या दगडांचे जुने ढीग सरसकट उचलून नेले, गवत मुळापासून खरवडून जागा सिमेंटने गुळगुळीत केली, माथाभर रात्रभर झगझगीत दिवे लावले, तर गड देखणा दिसेल आणि त्याच्या नावाचा प्राणी तिथे नसेल. करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. टपऱ्यांमागचा कचरा रोजच्या रोज गडाखाली न्यायचा. कल्याण दरवाजाच्या अंगाची आणि कड्यालगतची गवताची पट्टी चराईपासून आणि वाहनतळापासून राखून ठेवायची. पावसाळा सरला की प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जाणत्यांच्या हाताखाली, वनखात्याच्या परवानगीने, जिवंत पकडून सोडून देणारे सापळे लावायचे आणि गडावर किती कोंढाणा उंदीर आहेत, कुठल्या बाजूला आहेत, काळ्या उंदराने किती जागा घेतली आहे, हे दर साली मोजून लिहून ठेवायचं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे, विषाणू संस्था तिथेच आहे, आणि गडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा महाविद्यालयं उभी आहेत.